शिलाईत गेलेलं कापड

अकरा ऑगस्टला सकाळी नानांनी घरातली अडगळ भंगारवाल्याला एकशे सत्तेचाळीस रुपयांना विकली. भंगारवाला एकशे चाळीसच देत होता. नानांनी स्वतःचा ताणकाटा आणून सगळं पुन्हा तोलून दाखवलं आणि वरचे सात रुपये सोडवून घेतले. त्या सात रुपयांचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला.

अडगळीत जुनी वर्तमानपत्रं होती, एक फुटकी बादली होती, गंजलेली इस्त्री होती आणि माळ्यावरचं एक निळं गाठोडं होतं. गाठोडं नानांनी सोडून पाहिलं होतं, नाही असं नाही. आत नुसते कापडाचे तुकडे होते. कुठला हातभर, कुठला वीतभर, काहींच्या कडा उसवलेल्या, काहींना अजून बटणं लटकलेली.

नाना एका छापखान्याच्या कोठारात उभा जन्म काढून यंदाच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले होते. कागदाची रीम असो की शाईचा डबा, मागणी असेल तेवढंच बाहेर जायचं, त्याहून कणभरही जास्त नाही. छापखान्यात त्यांना पाठीमागे सगळे 'फूटपट्टी' म्हणत. हे नानांना ठाऊक होतं आणि मनातून त्याचा थोडा अभिमानही होता. कोठाराचा त्यांचा एक नियम होता: ज्या मालाला तीन वर्षं हात लागला नाही, तो मोडीत. निवृत्त झाल्यावर कोठार हातचं गेलं, नियम तेवढा राहिला. त्यात बायको मोठ्या बहिणीचा पाय मोडला म्हणून तिच्याकडे दीड महिन्यासाठी गेलेली. घर रिकामं, हात रिकामे, आणि माळा भरलेला.

तसंही त्या तुकड्यांवरून नानांनी बायकोला थोडं का बोलून घेतलं होतं! ती एखादा जुना शर्ट फेकायच्या आधी त्याची पाठ कापून ठेवायला लागली, की हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "एक ना धड, भाराभर चिंध्या." पाहुण्यांसमोरही म्हणायचे. पाहुणे हसायचे. ती कात्री चालवत राहायची.

त्याच दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. बहिणीचं प्लास्टर, औषधं, जेवलात का, सगळं झाल्यावर ती म्हणाली, "अहो, एक काम करा. माळ्यावरचं ते निळं गाठोडं एकदा उन्हात टाका. कसर लागली तर सगळं वाया जाईल. आपल्या पोरीच्या पहिल्या फ्रॉकपासूनचं त्यात आहे. मी आले की बाळाची गोधडी शिवायला घेणार आहे."

पोरीला सातवा महिना होता.

"हो," नाना म्हणाले.

तो 'हो' त्यांनी म्हटला नाही, तो त्यांच्या तोंडून सांडला. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ माळ्याकडे बघत बसले. जिथं गाठोडं होतं तिथं धुळीत एक स्वच्छ गोल उमटला होता.

दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याच्या दारात दुकान उघडायच्या आधीच हजर. भंगारवाल्याला वाटलं, सात रुपये कमी पडले म्हणून आलेत. खरं कारण कळल्यावर त्यानं मान हलवली. कागद एकीकडे जातो, लोखंड दुसरीकडे, आणि चिंध्या संध्याकाळीच मोठ्या गोदामात. तिथून त्या हात पुसायला कारखान्यांत जातात. वाटेत पुलाखालच्या गॅरेजला चार फडकी दिली होती तेवढी, बाकीचा गठ्ठा एव्हाना ट्रकवर चढला असेल.

नाना पुलाखाली गेले. एका गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. थोड्या वेळानं त्या पायांचा मेकॅनिक बाहेर आला आणि बाजूला पडलेलं फडकं उचलून हात पुसू लागला. पांढऱ्या कापडावर लाल चेरी, जोडीजोडीनं लोंबणाऱ्या.

हे कापड नानांनी स्वतः आणलं होतं. पोर शाळेत जाणार म्हणून बायकोनं फ्रॉकचं माप सांगितलं आणि नानांनी बरोबर तेवढंच कापून आणलं, एक बोट जास्त नाही. फ्रॉक गुडघ्याच्या वर चढला. बायकोनं खाली लाल पट्टी लावून वेळ मारून नेली होती. त्या फ्रॉकमध्ये पोर त्यांचं बोट धरून शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती आणि फाटकात तिनं ते सोडलं नव्हतं.

मेकॅनिकनं विचारलं, "काय पाहिजे, काका?"

नानांनी फडक्याकडे बोट दाखवलं. "हा माझ्या मुलीचा फ्रॉक आहे."

मेकॅनिकनं एकदा फडक्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे, आणि दोन बोटांत धरून ते पुढे केलं. "घेऊन जा मग. पण मला एक दुसरं आणून द्या बरं का. पँटला हात पुसले की घरी बायको सोलून काढते."

"उद्याच आणतो," नाना म्हणाले.

बाकीची तीन फडकी मेकॅनिकनं दाखवली. त्यांतलं एकही घरचं नव्हतं.

घरी येऊन नानांनी तो तुकडा आधी साबणानं धुतला, मग रॉकेलनं, मग पुन्हा साबणानं. ग्रीसचा डाग कडेला काळाचा करडा झाला आणि तिथंच बसला. तुकडा दोरीवर वाळत असताना नाना खाली उभे राहून विचार करत होते. सरळ फोन उचलून सांगून टाकावं, हा पहिला विचार. आधी नुकसान भरून काढावं आणि मग सांगावं, हा दुसरा. चूक ती चूकच, पण भरून काढलेली असली की ऐकणाऱ्यालाही हलकी वाटते, असं त्यांनी स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक टेलरबाई शिवणाचा वर्ग चालवायच्या. अंगानं भरलेल्या, तोंडात कायम दोन-तीन टाचण्या, आणि बोलायचं ते टाचण्यांच्या फटीतून. सहा पायमशीनं, त्यांवर सहा मुली. नाना दारात उभे राहिले तेव्हा सहाही मशीनं थांबली.

"गोधडी शिवायची आहे," नाना म्हणाले. "दीड महिन्यात."

"आधी कधी सुई धरलीय?"

"नाही."

"मग आधी कागद."

नानांना वाटलं अर्ज भरायचा असेल. पण बाईंनी वहीचं एक रेघांचं पान फाडून स्वतःच्या मशीनवर ठेवलं, सुईतला दोरा काढून टाकला आणि म्हणाल्या, या रेघेवरून चालवा. दोऱ्याशिवाय. नाना म्हणाले, मला वेळ कमी आहे, थेट गोधडीच शिकवा. बाईंनी टाचण्या हातात काढून घेतल्या, म्हणजे आता त्या स्पष्ट बोलणार होत्या. "नाना, घाई असेल तर बाजारात तयार मिळते. शिकायचं असेल तर कागद, मग रुमाल, मग भांडं धरायचं फडकं, मग पिशवी, मग उशीचा अभ्रा. रुमाल चार कडांचा असतो. ज्याला चार कडा जमल्या त्याला गोधडी जमते. तीही चार कडांचीच असते, फक्त पुष्कळ."

नाना मुकाट्यानं बसले. पहिल्याच दाबात चाक उलटं फिरलं आणि कागदाचा बोळा झाला. ज्या माणसानं जन्मभर इतरांच्या रेघा वाकड्या ठरवल्या, त्याची सुई रेघ सोडून पार समासात जाऊन आली. हाताचं पायाला ठाऊक नाही आणि पायाचं हाताला.

एका मुलीनं विचारलं, "आजोबा, गोधडी कुणासाठी?"

"बायको गावाला गेलीय. ती यायच्या आत करून ठेवायचीय. नातवंडासाठी."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, एक म्हणाली, "बघा गं, नवरा असावा तर असा," आणि टेलरबाईंनीही कौतुकानं मान डोलावली. नानांचे कान तापले. त्यांनी खाली वाकून उगाचच मशीनचा पट्टा तपासला.

कागद सरळ आला तसा बाईंनी दोरा ओवायला दिला. रुमाल झाला. चारही कडा दुमडून शिवल्या, आणि टेबलावर पसरला तर त्याचा एक कोपरा दक्षिणेला निघालेला. "आजोबा, हा रुमाल की पतंग?" मुली म्हणाल्या. दुसरा रुमाल पतंगापेक्षा बरा झाला. तिसऱ्याला बाई म्हणाल्या, नाक पुसायला चालेल. मग दोन थर कापूस घालून भांडं धरायचं फडकं. मग पिशवी, तिचा एक बंद दुसऱ्यापेक्षा लांब निघाला, तर बाईंनी नवीन करायला लावली नाही, उसवून तोच सारखा करायला लावला. "उसवायला लाजू नका," त्या म्हणाल्या. "शिवण्यात निम्मं उसवणंच असतं."

संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. नाना फोनची वाटही बघायचे आणि वाजला की दोन घंट्या तसाच वाजूही द्यायचे.

"गाठोडं उन्हात टाकलंत?"

"टाकलं."

"कसर नाही ना लागली?"

"नाही."

दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोच विषय. त्या दिवशी तिनं विचारलं, "आणि ते पिवळं कापड? विटलं तर नाही ना?"

नानांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "छे. जसंच्या तसं आहे."

पलीकडे ती थोडी थांबली. मग म्हणाली, "बरं." आणि बहिणीला औषध द्यायचंय म्हणून फोन ठेवला. त्यानंतर तिनं गाठोड्याचं नाव काढलं नाही. नानांना वाटलं, सुटलो. पण सुटलेल्या माणसाला झोप लागते, ती काही त्यांना लागेना. रोज फोनवर ती इकडचं तिकडचं बोलायची आणि शेवटी विचारायची, "अजून काही?" नाना म्हणायचे, "नाही, काही नाही." आणि फोन ठेवल्यावर त्या 'काही नाही'ची चव तोंडात राहायची.

उशीचा अभ्रा झाला तेव्हा बाई म्हणाल्या, आता आणा गोधडीचं कापड.

बाजारातून नवं कापड आणायचं नानांच्या मनात आलंच नाही असं नाही. दुकानापर्यंत गेलेही. पण बायकोनं वर्षानुवर्षं वापरलेलं कापड जमवलं होतं, त्याच्या जागी दुकानातलं कोरं ठेवायचं म्हणजे सोन्याच्या जागी पितळ. ते परत आले आणि त्यांनी स्वतःचं कपाट उघडलं. कामावरचे शर्ट हारीनं टांगलेले होते. फिकट निळे, बारीक रेघांचे, चौकड्यांचे, सगळे इस्त्रीचे. सवयीनं त्यांनी एका शर्टाची कॉलर नीट केली. मग त्याच शर्टाच्या पाठीत कात्री घातली.

चौकोन कापायचं काम मात्र त्यांच्या हातचं होतं. सहा इंच म्हणजे सहा इंच. आडवी सात घरं, उभी सात घरं, म्हणजे बेचाळीस इंच. अस्तरही त्यांनी बरोबर बेचाळीसचं कापून ठेवलं. मधल्या घरात चेरीचं कापड. त्याचा डाग कडेला होता. तेवढी कड नानांनी जास्तच आत दुमडली, म्हणजे डाग शिलाईच्या पोटात गेला. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

सगळे चौकोन जोडून झाल्यावर त्यांनी वरचा भाग अस्तरावर पसरला. अस्तर चारही बाजूंनी बाहेर डोकावत होतं.

नानांनी टेप लावला. पुन्हा लावला. मग ते टेपकडेच संशयानं बघायला लागले. टेलरबाई मागून आल्या, बघितलं, आणि त्यांच्या तोंडातल्या टाचण्या हसून पडायच्या बेतात आल्या. "नाना, चौकोन केवढे कापलेत?"

"सहाचे. एकूण एक सहाचे."

"आणि शिलाईत जातं ते?"

नानांनी टेप गुंडाळायला घेतला.

"दर जोडाला दोन्हीकडून पाव-पाव इंच आत जातं ना. ते कुणी धरायचं?"

त्यांना चेरीचा फ्रॉक आठवला, गुडघ्याच्या वर चढलेला. तेव्हा बायकोनं एवढंच म्हटलं होतं की, अहो, थोडं जास्तच धरून आणायचं. आणि त्यांनी तिलाच ऐकवलं होतं की, माप तू सांगितलंस.

बाई म्हणाल्या, घाबरू नका, चहूबाजूंनी पट्टी लावा, गोधडी पुरी होईल आणि दिसेलही छान. पट्टीला कापड कुठलं? जुने शर्ट सगळे कात्रीखाली गेले होते. एकच उरला होता: निरोपाच्या दिवशी छापखान्यातल्या लोकांनी दिलेला, अजून कागदाच्या वेष्टनात, अंगाला न लागलेला. गडद लाल. तेव्हा नानांना वाटलं होतं, हा रंग आपल्याला या वयात कसा शोभेल. त्याच्या पट्ट्या झाल्या.

बायको परत आली ती दुपारची. नानांनी गोधडी पलंगावर पसरून ठेवली होती. तिनं हातपाय धुतले, पाणी प्यायली, आणि पलंगाच्या काठावर बसली. एकेका चौकोनावरून तळहात फिरवत गेली, जसा ताप बघतात तसा.

"हा रेघांचा तुम्ही पोरीच्या निकालाला घातला होता," ती म्हणाली. "आणि या निळ्याच्या खिशात पेन गळलं होतं."

"हो."

हात मधल्या घरावर येऊन थांबला.

"बाकीचं कुठंय?"

नानांनी वाक्य तयार ठेवलं होतं. कसर लागली होती, तुला वाईट वाटेल म्हणून टाकून दिलं आणि त्याबदली हे केलं. आठवडाभर घोकलं होतं. त्यानं सगळं भागलं असतं. कौतुकही झालं असतं. ते म्हणाले, "कसर..." आणि त्यांना तिचा अंगठा दिसला. चेरीच्या चौकोनाच्या कडेवर तो पुढेमागे फिरत होता, जिथं शिलाईखाली जाडी लागत होती तिथं.

"विकलं," ते म्हणाले. "भंगारात. तुझा फोन आला त्याच दिवशी, सकाळी. हा एक तुकडा गॅरेजमध्ये सापडला."

तिचा अंगठा थांबला.

"मला वाटलं, माळ्यावर पाणी गळलं असेल," ती म्हणाली. "उंदीर म्हटलं. विकलं असेल असं नाही वाटलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पिवळं त्यात नव्हतंच. पिवळं कापड या घरात कधी आलेलं नाही. मला तो रंग नको असतो, हे लग्न झाल्यापासून सांगतेय."

नानांना बसावंसं वाटलं, पण पलंगावर गोधडी होती. ते उभेच राहिले. "मग इतके दिवस विचारलं का नाहीस?"

"रोज विचारत होते. अजून काही, म्हणून."

क्षमा मागायला नानांनी तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला, आत्ता नको अशा अर्थानं. मग पुन्हा त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "ही कड एवढी आत का घेतलीय?"

"ग्रीसचा डाग आहे. जात नव्हता."

"उसवा."

"अगं, गोधडी पुरी झालीय. सगळं मधलं उघडावं लागेल."

"उघडा. मी शिवते पुन्हा. डाग वर दिसायला पाहिजे. दिसला की पोर विचारेल. विचारलं की तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

नानांनी ब्लेड आणलं आणि खिडकीशी बसून एकेक टाका कापत गेले. तिनं मग हातानं धावदोरा घालून तो चौकोन परत बसवला, कड बाहेर काढून, आणि शिलाईला कमी पडली तिथं शेजारच्या शर्टातून थोडी उसनी घेऊन. पुढचे कित्येक दिवस ती घरात कामापुरतंच बोलली. एकदा फक्त, गोधडीची घडी घालताना, पाठमोरीच म्हणाली, "टाके मात्र सरळ आलेत." नानांना त्या वेळी तरी ते रागावण्यापेक्षा जड वाटलं.

बाळ झाल्यावर दोघं गोधडी घेऊन पोरीकडे गेले. तिनं ती उलगडली, आणि तिची नजर आधी चेरीवर गेली, मग डागावर. "आई, माझा फ्रॉक. हे काय लागलंय?"

बायको बाळाचं झबलं बदलण्यात गुंतली होती, ती गुंतलेलीच राहिली.

नानांनी सांगितलं. गाठोडं, भंगारवाला, फोनवरचं पिवळं कापड, सगळं. सांगताना ते डागाकडे बघत होते. पोरीनं मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "केवढ्याला विकलंत?"

"सगळं मिळून एकशे सत्तेचाळीस."

"घासाघीस केली असेल ना, बाबा?"

"केली. सात रुपयांसाठी."

पोर थोडीशी हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. तिनं गोधडी बाळाच्या अंगावर घातली आणि विषय तिथंच राहू दिला. नाना त्यानंतर बराच वेळ गॅलरीत उभे होते.

आता घरात दुसरं गाठोडं आहे. कापलेल्या शर्टांच्या उरलेल्या बाह्या, कॉलरी, खिसे बायकोनं एका जुन्या चादरीत बांधून माळ्यावर ठेवलेत आणि बजावलंय, यातला एक दोराही मला विचारल्याशिवाय हलायचा नाही. नाना माळ्याकडे जात नाहीत. अधूनमधून टेलरबाईंच्या वर्गात जाऊन एखादी पिशवी शिवतात. चौकोन कापताना आता शिलाईत जाणारं आधी धरतात. पुलाखालून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. गाठोड्यातली एक बाही मागायला हवी, पण बायकोजवळ तो विषय काढायला ते अजून धजावलेले नाहीत.

मेकॅनिकला एक फडकं देणं बाकी आहे.